कुणाचं आरमार भारी? पटावरच्या जहाजांबद्दल वाचकांचे प्रश्न

काल्पनिक जगातल्या छोट्या जहाजांचे खेळ खेळणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे : एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क, माणसं, या सगळ्यांत बलवान कोण? सरसकट उत्तर देणं सोपं आहे, पण त्याचा खेळताना काही उपयोग होत नाही. वारा कुठून येतोय, समोरच्याचं कवच किती जाड आहे आणि दोन जहाजं भिडतात तेव्हा कुणाकडे किती माणसं उरली आहेत, हे धरून हिशेब केला तरच तुलनेला अर्थ येतो. म्हणून उत्तरांत आकडे जास्त आहेत. कागद-पेन्सिल घेऊन वाचावं.

प्रश्न (पुणे) : आमच्याकडे जुना 'मॅन ओ' वॉर' आहे. ड्वॉर्फांचा ताफा घेणारा जवळजवळ दर वेळी जिंकतो. ब्रेटोनिया, हाय एल्फ हे दोन्ही ताफे घेऊन पाहिले. ड्वॉर्फ खरंच इतके वरचढ आहेत, की आमचं काही चुकतंय?

उत्तर : ड्वॉर्फ बलवान आहेतच. पण तुम्ही पट ज्या पद्धतीने मांडता, त्यामुळे ते आहेत त्याहून बलवान होत असावेत. गेम्स वर्कशॉपने १९९३ मध्ये काढलेल्या या खेळात ब्रेटोनियाची आणि हाय एल्फांची जहाजं शिडांवर चालतात, तर ड्वॉर्फांचं ड्रेडनॉट हे मोठं जहाज वाफेवर. वाफेच्या जहाजाला वारा कुठूनही आला तरी फरक पडत नाही.

हा फरक केवढा, ते मोजून पाहा. समजा, शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडाकडे ६० सेंमी जायचं आहे. सरळ जाता येत नाही म्हणून ते ४५ अंशांत नागमोडी जातं. म्हणजे ६० सेंमीसाठी प्रत्यक्षात सुमारे ८५ सेंमी कापावे लागतात. दोन्ही जहाजांची चाल फेरीला १५ सेंमी धरली, तर वाफेच्या जहाजाला ४ फेऱ्या लागतात आणि शिडाच्या जहाजाला ६. वळताना वाया जाणारी चाल यात धरलेलीच नाही. त्या दोन फेऱ्या ड्वॉर्फ निवांत तोफा डागतो, आणि सात-आठ फेऱ्यांत संपणाऱ्या लढाईत दोन फेऱ्या म्हणजे पाव लढाई झाली.

पट १८० × १२० सेंमीचा असेल तर ताफे सहसा लांब बाजूंना समोरासमोर मांडले जातात. वारा ड्वॉर्फांच्या पाठीमागून सुरू झाला, तर शिडाचा ताफा लढाईआधीच अर्धा हरलेला असतो. म्हणून पहिल्या फेरीचा वारा आखूड बाजूकडून वाहता ठेवा, म्हणजे तो दोन्ही ताफ्यांना कडेने लागेल. पुढचे बदल नियमाप्रमाणे होऊ द्या. एवढ्या एका बदलानंतर तुमचा निम्मा प्रश्न सुटेल.

उरलेला निम्मा निशाण्याचा आहे. या खेळात तोफ डागण्यापूर्वी मारा उंच की खाली, हे सांगावं लागतं. शिडाच्या जहाजावर उंच मारा करून डोलकाठ्या पाडल्या की ते लंगडं होतं, आणि हे जमायला लागलं की हाताला तीच सवय लागते. मग ड्वॉर्फांवरही उंचच मारा होतो. ज्याचं चालणं शिडावर अवलंबूनच नाही, त्याचं वरचं काही पाडून हाती फारसं लागत नाही. ड्वॉर्फांवर पहिल्या गोळ्यापासून खाली मारा, आणि एकाच जहाजावर मारा. तीन जहाजांवर एक-एक जखम झाली तर ड्वॉर्फाचं काही बिघडत नाही, तिन्ही जहाजं पूर्ण ताकदीनं तोफा डागत राहतात.

पटाच्या मधोमध तळहाताएवढी दोन-तीन बेटंही ठेवा. उघड्या पाण्यात लांब पल्ल्याच्या तोफांना पहिल्या फेरीपासून काम मिळतं, बेटांमुळे ते तिसऱ्या फेरीपर्यंत लांबतं.

प्रश्न (कोल्हापूर) : स्पार्टन गेम्सच्या जुन्या खेळांतल्या फाशांचा हिशेब कळत नाही. लहान जहाजं भरपूर असलेला गट घ्यावा, की मोठी थोडी जहाजं असलेला? आणि लहान जहाजांनी एकत्र मारा करावा की वेगवेगळा?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

या कंपनीने २००८ मध्ये 'अनचार्टेड सीज' काढला. कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी तिच्या खेळांतली फाशांची रीत अजून अनेकांच्या हातात बसलेली आहे. सहा बाजूंचा फासा, ४ किंवा ५ पडले की एक ठोका, ६ पडला की दोन ठोके आणि तोच फासा पुन्हा टाकायचा. या रीतीत एका फाशामागे सरासरी ०.८ ठोके पडतात. दहा फासे म्हणजे आठ ठोके, इथवर गणित सरळ आहे.

गोंधळ पुढे होतो. प्रत्येक जहाजाला एक 'डॅमेज रेटिंग' असतं आणि एका माऱ्यातले ठोके त्या आकड्याला पोचले तरच एक जखम होते. कमी पडले तर सगळे वाया. म्हणून सरासरी फसवते. विचारायचं असतं ते हे, की उंबरठा ओलांडण्याची शक्यता किती?

तीन लहान जहाजं घ्या, प्रत्येकाचे ३ फासे. वेगवेगळा मारा केला तर ३-३ फाशांचे तीन मारे होतात. जोडून मारा केला तर पुढच्या जहाजाचे पूर्ण ३ आणि मागच्या दोघांचे निम्मे, म्हणजे आणखी ३, असे ६ फाशांचा एकच मारा होतो.

समोरच्याचं रेटिंग ३ असेल तर सुटा मारा जवळपास ४० टक्के वेळा लागतो, तीन माऱ्यांत मिळून सरासरी १.१९ जखमा. जोडलेला मारा ८० टक्के वेळा लागतो, पण जखम एकच, म्हणजे सरासरी ०.८०. इथे जोडणं ही चूक आहे.

रेटिंग ४ असेल तर सुटे तीन मिळून ०.७० जखमा, जोडलेला ०.६५. जवळपास बरोबरी. पण 'या फेरीत एक तरी जखम हवीच' अशी वेळ असेल तर जोडा : सुट्या तिघांपैकी एक तरी लागण्याची शक्यता ५५ टक्के, जोडलेल्याची ६५.

रेटिंग ६ असेल तर चित्र पूर्ण उलटतं. सुटा मारा फक्त ७ टक्के वेळा लागतो, तिघांची सरासरी ०.२१. जोडलेला ३५ टक्के. इथे सुटे मारे करणं म्हणजे फासे पाण्यात टाकणं. शिवाय ठोके 'क्रिटिकल रेटिंग'पर्यंत चढले तर मोठं नुकसान होतं, आणि तिथे पोचायची खरी आशा जोडलेल्या माऱ्यालाच असते.

आता पहिला प्रश्न. ही तीन जहाजं २५-२५ पॉइंटची धरा (पॉइंट म्हणजे ताफा उभारताना जहाजाला लागणारी किंमत), एकूण ७५. रेटिंग ४ समोर एका जखमेमागे सुमारे १०७ पॉइंटची जहाजं एक फेरी राबतात. रेटिंग ६ समोर, नीट जोडून मारूनसुद्धा, सुमारे २१५ पॉइंटची. तेच पॉइंट जाड कवचासमोर जेमतेम निम्मं काम करतात. म्हणून लहान जहाजांचा गट मध्यम जहाजांवर भरलेल्या ताफ्यासमोर भारी पडतो आणि आयर्न ड्वॉर्फांसारख्या जाड ताफ्यासमोर धापा टाकतो. गट बदललेला नसतो, समोरचा उंबरठा बदललेला असतो. आपल्या गावात कोण काय खेळतं ते पाहून गट निवडा.

लहान जहाजांच्या बाजूने एक गोष्ट मात्र पॉइंटांत कधीच पूर्ण धरली जात नाही. आळीपाळीने एक-एक तुकडी हलवायची असते. तुमच्या ८ तुकड्या आणि समोरच्याच्या ५ असतील, तर त्याची शेवटची तुकडी हलून झाल्यावर तुमच्या तीन तुकड्या त्याच्या पिछाडीवर मोकळ्या सुटतात. हे अन्यायाचं वाटत असेल तर कमी तुकड्यांच्या खेळाडूला फरकाच्या निम्म्या वेळा 'पास' म्हणू द्या.

प्रश्न (ठाणे) : आमच्या गटात सहा लढाया झाल्या, त्यांतल्या पाच एल्फांनी जिंकल्या. एल्फांच्या जहाजांचे पॉइंट १० टक्क्यांनी वाढवावेत असं ठरतंय. बरोबर आहे का?

उत्तर : थांबा. दोन अगदी समान ताफे सहा वेळा लढले, तरी कुणीतरी एकाने पाच किंवा सहा लढाया जिंकण्याची शक्यता २२ टक्के आहे. पाचातून एकदा हे आपोआप होणारच. समान ताफ्यांच्या दहा लढायांत ८-२ किंवा त्याहून एकतर्फी निकाल लागण्याची शक्यता ११ टक्क्यांवर येते. तसा निकाल आला तर संशय घ्यायला जागा आहे.

हार-जीत मोजायला लढाया फार लागतात, म्हणून प्रत्येक लढाईतून जास्त माहिती काढा. वहीत चार रकाने आखा : पहिली जखम कुठल्या फेरीत आणि कुणाला झाली, दोन्ही ताफ्यांनी टाकलेले एकूण फासे, त्यांतून झालेल्या जखमा, आणि वारा किती फेऱ्या कुणाच्या बाजूने होता. फासे सारखेच टाकले गेले आणि जखमाही सारख्याच झाल्या, तर एल्फांच्या तोफा महाग करण्यात अर्थ नाही. त्यांचा फायदा मग चालीत आहे. आधी वाऱ्याचा रकाना पाहा.

आणि ताफे बदलून खेळा. एल्फ खेळवणारी व्यक्ती दर वेळी तीच असेल, तर तुम्ही एल्फांची ताकद मोजत नाही आहात, त्या व्यक्तीचं कसब मोजताय. तीन लढाया अशा, तीन तशा. पटाची बाजूसुद्धा बदला.

प्रश्न (अलिबाग) : काल्पनिक खेळात आंग्र्यांच्या धर्तीवर गुराब-गलबतांचा ताफा उतरवायचा आहे. कुठल्या गटाचे नियम वापरावेत? तो ताफा एल्फांसमोर किंवा माणसांच्या 'एम्पायर'समोर टिकेल का?

उत्तर : कुठल्याही एका गटाचे नियम जसेच्या तसे घेऊ नका. या ताफ्याची लढण्याची रीतच वेगळी होती, आणि ती नीट उतरली तर ताफा टिकेलच, उथळ पाण्यात समोरच्याला जड जाईल.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांतून मिळणारे आकडे खेळाला पुरेसे आहेत. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा, आणि नाळेकडे, पुढे तोंड करून, ९ ते १२ पौंडी दोन तोफा. गलबत सहसा ७० टनांच्या आतलं, मोठं असेल तर ४० ते ५० वल्ह्यांचं, २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफांचं. हल्ल्याला आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं निघत. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या बाजूच्या तोफांच्या टप्प्यात न येता पिछाडी गाठायची, नाळेच्या तोफांनी शिडं-डोलकाठ्या मोडायच्या आणि मग गलबतांतून माणसं चढवायची, ही पद्धत होती.

आता हे पटावर आणू. मध्यम शिडाच्या जहाजाला पुढे २ आणि प्रत्येक बाजूला ६ फासे असतील, तर गुराबेला पुढे ४ आणि बाजूंना ४-४ द्या. एकूण फासे १४ चे १२ होतात, पॉइंट मात्र तेच ठेवा, कारण जवळ जाता जाता मारा करता येणं ही मोठी सोय आहे. गलबताला 'मॅन ओ' वॉर'मधल्या एम्पायरच्या वॉरगॅलीसारखी वल्ह्यांची चाल द्या, कवच सगळ्यात पातळ ठेवा. दोन नियम स्वतःचे घाला. पहिला, दोन गलबतं गुराबेला लागून असतील तर ती वाऱ्याकडे न पाहता गलबताच्या निम्म्या चालीने जाते, पण त्या फेरीत ती गलबतं तोफा डागत नाहीत. दुसरा, गलबतं आणि गुराबा उथळ पाण्यातून जातात, मोठी जहाजं तिथे रुततात.

'ब्लॅक सीज' हा २०१९ चा ऐतिहासिक खेळ १७७० ते १८३० या काळावर बेतलेला आहे आणि मँटिक कंपनीने २०२० मध्ये काढलेला काल्पनिक 'आर्माडा' त्याच चौकटीवर उभा आहे. कान्होजी १७२९ मध्ये गेले, म्हणजे ती चौकट त्यांच्यानंतरच्या मोठ्या, बाजूच्या तोफांवर लढणाऱ्या जहाजांसाठी आहे. तिच्यात गुराबेला तोकडी समजून किंमत कमी लावाल तर ताफा भलताच स्वस्त पडेल. हे जपा.

या ताफ्याची खरी कमजोरी आग. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचा ताफा एकमेकांना खेटून उभा होता. एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती पसरत सगळा ताफा खाऊन गेली. म्हणून पेटलेल्या जहाजापासून ३ सेंमीच्या आत असलेल्या प्रत्येक लाकडी जहाजासाठी फेरीअखेर फासा टाका, ५ किंवा ६ पडला की तेही पेटलं. गलबतं गुराबेला लावून ओढायची की आगीच्या भीतीने सुटी ठेवायची, असा पेच दर फेरीला पडेल. एल्फांसमोर लढाई रंगते ती इथेच.

प्रश्न (न्यू जर्सी) : ऑर्कांचा ताफा घेतो. भिडेपर्यंत पोचतो, पण शत्रूच्या जहाजावर माणसं चढवली की हरतो. ऑर्क हातघाईत बलवान ना?

उत्तर : बरोबरीच्या माणसांनिशी भिडत असाल, म्हणून हरताय. अनेक खेळांत हातघाईची रीत अशी असते : दोघांनी एक-एक फासा टाकायचा, त्यात आपल्या जहाजावरच्या खलाशांसाठी ठेवलेल्या चकत्यांची संख्या मिळवायची, कमी बेरीजवाल्याने एक चकती गमवायची, बरोबरी झाली तर पुन्हा. कुणाच्या तरी चकत्या संपेपर्यंत हे चालतं.

३ विरुद्ध ३ असेल तर जिंकायची शक्यता अर्थातच ५० टक्के. ४ विरुद्ध ३ असेल तर ती ८१ टक्के होते. ४ विरुद्ध २ असेल तर ९६. एका चकतीच्या फरकाने एवढी उडी का, तर हरणाऱ्याची चकती गेली की पुढच्या फाशाला फरक आणखी वाढतो. पहिला धक्का बसलेला सावरतच नाही.

ऑर्कांच्या हातघाईच्या किमतीचे पॉइंट तुम्ही भरलेले आहेत, ते वसूल करायचे तर भिडण्याआधी समोरची एक चकती उडवा. बिगचुक्का या दगडफेक्या ऑर्क जहाजाचा गोफणमारा त्यासाठी ठेवा, दूरच्या जहाजावर वाया घालवू नका. ड्रिलाकिला या टक्कर देणाऱ्या जहाजाने धडकलेल्या जहाजावर त्याच फेरीत हल्क, म्हणजे ऑर्कांचं मोठं जहाज, लावा. आणि एकाच वेळी दोन बाजूंनी चढता येत असेल तर एकटं जहाज कधीही लावू नका. यात घाई झाली की काय होतं, ते वरचे आकडे सांगतातच : ३ विरुद्ध ४ गेलात तर पाचातल्या चार वेळा जहाज गमवाल.

प्रश्न (नाशिक) : जुनी जहाजं मिळत नाहीत म्हणून थ्री-डी प्रिंटरवर छापतो. मूळ जहाज ६ सेंमीचं, छापलेलं ९ सेंमीचं. चालेल?

उत्तर : चालेल, पण मोजमापाची रीत आधी ठरवा, नाहीतर गटांची तुलनाच बिघडेल. पल्ला नाळेच्या टोकापासून मोजला तर लांब जहाजाला पुढे दीड सेंमी फुकट मिळतात. उलट टक्कर द्यायला त्याची बाजू दीडपट मोठी सापडते, आणि वळताना पिछाडी जास्त जागा झाडत जाते, त्यामुळे बेटांमध्ये ते अडकतं.

दोन्ही ताफे एकाच मापाने छापता आले तर उत्तम. नाही तर पल्ला आणि मारा-कोन मुख्य डोलकाठीपासून मुख्य डोलकाठीपर्यंत मोजा. जहाज २ मिमी जाड ॲक्रिलिकच्या पट्टीवर चिकटवा, पट्टी मूळ जहाजाच्याच लांबीची घ्या, नाळ आणि पिछाडी पट्टीबाहेर आली तरी हरकत नाही. टक्कर आणि स्पर्श फक्त पट्टीचा धरायचा. डोलकाठीच्या रेषेत पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक पांढरी खूण करा, आणि माऱ्याचा कोन दाखवणाऱ्या दोन रेघा त्या खुणेपासून बाहेर ओढा. रेझिनच्या जहाजांच्या काठ्या छापल्यावर वाकलेल्या असतील तर चिकटवण्याआधी गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. काठीच वाकडी असेल तर डोलकाठीपासून मोजलेला पल्ला जहाजागणिक बदलतो, आणि वाद तिथूनच सुरू होतो.